स्पिनेकर: चढवण्याआधी उतरवायचं ठरवा

स्पिनेकर (मागून वारा असताना पुढे फुगवायचं मोठं, हलकं शीड) फाटला, फोरस्टेला (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेला) गुंडाळला किंवा पाण्यात गेला की सगळे वाऱ्याला नावं ठेवतात. चूक बहुधा तासभर आधीच झालेली असते. पिशवी भरताना काठाला पीळ राहिला, दोर लाइफलाइनच्या (डेकच्या कडेच्या संरक्षक तारेच्या) आतून गेला, नाहीतर उतरवताना हॅलियर्ड (शीड वर चढवणारा दोर) आधी सुटला आणि शीट (शिडाचा खालचा कोपरा ओढणारा दोर) कुणी धरलीच नाही. म्हणून शीड फुगल्यावरच्या मजेपेक्षा त्याआधीच्या आणि नंतरच्या कामांवर इथे जास्त लिहिलं आहे.

गृहीत धरलंय ते असं: २४ ते २८ फुटी क्रूझिंग बोट, एक डोलकाठी, जिब (पुढचं नेहमीचं शीड) गुंडाळणाऱ्या फर्लरवर, पोलवर (आडव्या दांड्यावर) उभा राहणारा सममित स्पिनेकर आणि बोटीवर तिघे जण. एक सुकाणूवर, एक कॉकपिटमध्ये दोरांवर, एक फोरडेकवर, म्हणजे पुढच्या डेकवर. दोघांत जमतं, पण शिकताना तिसरा हवाच.

उदाहरणाला गेटवे ते मांडवा ही सात-एक सागरी मैलांची वाट घेऊ. हंगामात दुपारी मुंबई बंदरात वारा वायव्येकडून येतो आणि मांडवा दक्षिण-आग्नेयेला आहे. म्हणजे पुढे तोंड करून बसलेल्या सुकाणूवाल्याच्या उजव्या खांद्यामागून वारा. बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) डावीकडे, पोल उजवीकडे. खालचं सगळं या मांडणीनुसार वाचा. वारा डाव्या खांद्यामागून असेल तर डावं-उजवं उलट करा.

एक शब्द आधीच ठरवून घेऊ. पोलच्या टोकातून जाणाऱ्या दोराला इंग्रजीत गाय म्हणतात. बोटीवर ‘गाय सोड’ अशी आरोळी दिली की निम्मे लोक हसतात आणि उरलेले चुकीचा दोर सोडतात. मी ‘पोलचा दोर’ म्हणतो. दुसऱ्या, मोकळ्या बाजूचा दोर म्हणजे शीट.

१. जायचं की नाही

पहिल्या काही वेळा ८ ते १२ नॉट (तासाला तितके सागरी मैल) वारा पुरे. पाण्यावर पांढरे फेस तुरळक दिसत असतील तर ठीक. जिकडे पाहावं तिकडे फेस असेल तर तिघांनी हा खटाटोप करू नये, जिबवर जावं. पोचायला थोडा उशीर होईल, इतकंच.

इथला खरा सापळा वेगळा आहे. दुपारी एकला वारा मऊ असतो, स्पिनेकर चढतो, सगळे खूश असतात. तीनपर्यंत समुद्रवारा जोर धरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण बोट वाऱ्यासोबत पळत असते. १४ नॉटच्या वाऱ्यात ६ नॉटने पळणाऱ्या बोटीवर अंगाला ८ नॉटच लागतो. तीच बोट वळून वाऱ्याकडे निघाली की १८ नॉटच्या आसपास लागतो. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाचपट. कॉकपिटमध्ये घाम येतोय म्हणून वारा कमी आहे असं समजू नका. अधूनमधून मागे वळून पाण्याचा रंग बघा. काळपट पट्टा पुढे सरकत येत असेल तर तो झोत आहे.

जागाही ठरवा. ही वाट मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या जहाजांच्या खोल मार्गाला आडवी जाते. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम स्पष्ट आहे: फक्त अशा अरुंद मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाला २० मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा शिडाच्या नौकेने अडथळा आणायचा नाही. स्पिनेकर वर असताना चटकन थांबता येत नाही, वळता येत नाही. म्हणून जहाजांचा मार्ग जिबवर ओलांडा, मग स्पिनेकर काढा. गेटवेसमोरच्या लाँचांच्या गर्दीत तर पिशवीची चेनसुद्धा उघडू नका.

२. पिशवी भरणं (घरी किंवा धक्क्यावर, वारा नसलेल्या जागी)

निम्मे घोटाळे इथे होतात आणि अर्ध्या तासानंतर समुद्रावर उघडकीला येतात.

स्पिनेकरला तीन कोपरे असतात. वरचा हेड आणि खालचे दोन क्लू. हेडपासून दोन्ही क्लूंकडे जाणाऱ्या काठांना टेप शिवलेली असते. पुष्कळ शिडांना एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवी टेप असते, खालच्या काठाला तिसराच रंग. तुमच्या शिडाला रंग नसतील तर क्लूजवळ कायमच्या शाईने ‘डावा’ आणि ‘उजवा’ लिहून टाका.

१) हेड हातात घ्या. एका काठाची टेप पकडून चिमटीतून सरकवत क्लूपर्यंत जा. नऊवारीचा काठ शोधत घडी घालतात तसं, मधे कुठेही टेप न सोडता.
२) पुन्हा हेडपासून सुरुवात करून दुसऱ्या काठाने खाली या.
३) दोन्ही क्लू वेगवेगळे आणि हेड मधे, अशी तीन टोकं हातात ठेवून मधलं पोट पिशवीत कोंबा. पोटाच्या घड्या सुबक असायची गरज नाही. काठ सरळ असायला हवेत.
४) तिन्ही कोपरे पिशवीच्या तोंडाबाहेर काढा. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, हेड मधे. पिशवीच्या पट्टीने सैलसर बांधा.

‘खालच्या काठावरून गेलो तरी दोन्ही क्लू सापडतातच की’ हा शॉर्टकट इथली नेहमीची चूक आहे. क्लू सापडतात, पण शीड हेडजवळ एकदा पूर्ण फिरलेलं राहतं. मग ते वर गेल्यावर मधोमध आवळतं, वर एक फुगा आणि खाली एक. त्याला अवरग्लास म्हणतात.

कमी माणसं असतील तर वरच्या दोन-तृतीयांश भागाला हातभर अंतरावर लोकरीचे धागे किंवा बारीक रबर बँड घाला. शीड लांबट गुंडाळीसारखं वर जातं आणि शीट ओढली की खालून वर धागे तटातट तुटत फुगतं. धागा एकपदरीच ठेवा, दुपदरी तुटत नाही. सॉक (शीड झाकून ठेवणारी लांब कापडी नळी) असलेला स्पिनेकर असेल तर धाग्यांची गरज नाही. काठ तपासायचे मात्र तसेच.

तपासा: हेडच्या शॅकलमधला (जोडकडीतला) स्विव्हल, म्हणजे फिरता भाग, बोटाने फिरतो का? मिठाने जाम झालेला स्विव्हल गोड्या पाण्यात भिजवून मोकळा करा.

३. दोर टाकणं

एकच नियम: स्पिनेकरचे दोर सगळ्याच्या बाहेरून. श्राउडच्या (डोलकाठीच्या बाजूच्या तारांच्या) बाहेरून, स्टँचनच्या (लाइफलाइनच्या खांबांच्या) बाहेरून, लाइफलाइनच्या वरून, पुलपिटच्या (नाकाडावरच्या कठड्याच्या) पुढून, फोरस्टेच्या पुढून.

दोन्ही दोर बोटीच्या लांबीच्या दुप्पट असावेत. बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांवरच्या ब्लॉकमधून (कप्पीतून) ते पुढे न्या. आपल्या उदाहरणात पिशवी वाऱ्याआडच्या, म्हणजे डाव्या बाजूला, जिबच्या मागे लाइफलाइनला बांधलेली आहे. डावा दोर सरळ पुढे येऊन डाव्या क्लूला लागतो. उजवा दोर उजव्या बाजूने बाहेरून पुढे येतो, पोलच्या जबड्यातून जातो, फोरस्टेच्या पुढून वळसा घेतो आणि डावीकडच्या पिशवीतल्या उजव्या क्लूला लागतो. हा वळसाच लोक विसरतात.

हॅलियर्ड फोरस्टेच्या पुढे आणि जिबच्या बाहेर, डावीकडे आणा. शॅकल लावण्याआधी मान वर करून डोलकाठीच्या टोकापर्यंत नजर न्या. फर्लरभोवती एक जरी वेढा असला तरी शीड अर्ध्यावर अडकेल.

दोन्ही दोरांच्या टोकांना गाठ नको. जिबच्या शीटला आठची गाठ मारायची सवय असते, म्हणून हात आपोआप इथेही मारतो. बोट आडवी पडू लागली तर स्पिनेकरचा दोर ब्लॉकमधून सपशेल निघून जाता आला पाहिजे. हॅलियर्डच्या टोकाला मात्र गाठ ठेवा. शीड पूर्ण खाली येईल इतकी लांबी त्याला असतेच, आणि तो डोलकाठीत वर निघून गेला तर कुणाला तरी चढून जावं लागतं.

आता पोल. मागचं टोक डोलकाठीच्या कड्यात, पुढचं टोक फोरस्टेजवळ, दोन्ही जबडे वर तोंड करून. जबडा खाली असेल तर ताणलेला दोर त्यातून सहज निसटत नाही आणि जाइबच्या (वारा मागून ठेवून शिडं दुसऱ्या बाजूला घेण्याच्या) वेळी फोरडेकवाला झगडत राहतो. पोल वर धरणारी टॉपिंग लिफ्ट आणि खाली ओढणारा डाउनहॉल, दोन्ही लावा. डाउनहॉल ‘नंतर लावू’ म्हणून राहतो, आणि पहिल्याच झोतात पोल आकाशाकडे उडतो. उंची सध्या खांद्याइतकी, डेकला समांतर. जिबची मोकळी शीट पोलच्या वरून गेलेली असू द्या.

तपासा: डाव्या क्लूपासून विंचपर्यंत (दोर ओढायच्या फिरत्या ड्रमपर्यंत) दोरावर हात फिरवत चाला. मग उजव्या क्लूपासून. नुसतं बघू नका, हात लावा. लाइफलाइनच्या खालून गेलेला दोर डोळ्याला बाहेरून गेल्यासारखाच दिसतो.

४. नांगरावर कोरडी तालीम

बोट नांगरावर असताना शीड पिशवीतच ठेवून पोल लावा, पुढे-मागे करा, काढा. हाका ठरवा. ‘चढव’, ‘वर आलं’, ‘पोल मागे’, ‘शीट ओढ’, ‘दोर सोड’ (म्हणजे पोलचा दोर), ‘हॅलियर्ड सोड’. सहा पुरेत. ‘तो सोड, तो लाल’ असल्या हाका बंद. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं, हॅलियर्ड आणि पोलच्या दोरावर काम करणाऱ्याने हातमोजेही.

याच वेळी उतरवण्याचं ठरवा. शीड कुणी ओढायचं, कुठून आत घ्यायचं, कोणत्या जागी सुरुवात करायची. ६ नॉटला एक सागरी मैल दहा मिनिटांत संपतो. निर्णय ते पिशवी यात नवख्यांची दहा मिनिटं सहज जातात. म्हणून मांडवा धक्क्याच्या किमान दीड मैल अलीकडे स्पिनेकर खाली. तिथे लाँचा असतात, भाऊच्या धक्क्याहून येणारी रो-रो असते आणि कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये असतात. उन्हाच्या तिरिपीत बोया दिसतच नाही, आणि स्पिनेकरने समोरचा निम्मा समुद्र झाकलेला असतो. फोरडेकवाल्याने शिडाखालून वाकून सतत पाहत राहावं.

५. चढवणं

जिब उघडी ठेवा. तिच्या आडोशाला स्पिनेकर शांतपणे वर जातो आणि फोरस्टेला गुंडाळायला जागा उरत नाही. सुकाणूवाल्याने वारा जवळजवळ पाठीमागून घ्यावा, पण थेट पाठीवर नको. नाहीतर बूम अचानक पलीकडे जाईल. बूमला पुढे बांधून ठेवणारा प्रिव्हेंटर कॉकपिटमधून सोडता येईल असाच बांधा.

१) पोलचा दोर ओढून उजवा क्लू पोलच्या टोकाशी आणा. शीट सैल.
२) ‘चढव’. हॅलियर्ड हातावर हात टाकून, न थांबता. विंचला एक वेढा आधीपासून हवा.
३) हेड टोकाला पोचलं की ‘वर आलं’ अशी हाक. हॅलियर्ड क्लीटमध्ये (दोर अडकवायच्या खुंटीत).
४) ‘पोल मागे’. पोलचा दोर ओढून पोल फोरस्टेपासून दूर न्या.
५) आता, आणि आत्ताच, ‘शीट ओढ’. शीड फट्कन फुगेल.
६) जिब गुंडाळा.

सावधान: हेड वर पोचण्याआधी शीट ओढली तर शीड अर्ध्यावर फुगतं. मग हॅलियर्ड हातातून सुटतो, किंवा हाताची सालटी घेऊन जातो. कॉकपिटवाल्याचा हात शिवशिवतो हे मान्य, तरी हाक येईपर्यंत थांबायचं.

६. फुगल्यानंतर

पोल अंगाला लागणाऱ्या वाऱ्याशी काटकोनात ठेवा. डोलकाठीच्या टोकावरचा वातदर्शक बघून ठरवता येतं. वारा मागे सरकला तर पोल मागे, पुढे आला तर पोल पुढे. पोल मागे नेताना डाउनहॉल थोडा सोडावा लागतो, आणि तो कुणी सोडत नाही.

उंचीसाठी दोन्ही क्लू एका पातळीत आहेत का पाहा. पोलकडचा क्लू खाली दिसला तर पोल वर घ्या. शंका असेल तर शीट हळूहळू सोडा आणि वाऱ्याकडचा काठ कुठे आधी मुडपतो ते बघा. वरच्या भागात आधी मुडपला तर पोल फार खाली आहे. खालच्या भागात मुडपला तर फार वर आहे. मधल्या उंचीच्या जरा वर, शिडाच्या खांद्यापाशी मुडपला की बरोबर.

शीट हे सततचं काम आहे. काठ वीतभर आत वळेपर्यंत सोडा, मग तो सरळ होईल इतकीच ओढा. पुन्हा सोडा. शीट क्लीटमध्ये अडकवून चहा ओतायला जाणाऱ्याला माझ्या बोटीवर दुसऱ्यांदा शीट मिळत नाही. ओढून घट्ट ठेवलेलं शीड दिसायला छान असतं, पण ते बोटीला पुढे न्यायच्या ऐवजी आडवं लोटतं.

बोट वाऱ्याकडे वळू लागली आणि सुकाणू जड झालं तर लगेच शीट सोडा, व्हँगही (बूम खाली ओढून धरणारा दोर) सोडा. पोलचा दोर सोडू नका. वळण सुरू होण्याआधीच सुकाणू वाऱ्याआड वळवायला हवं. झोत मागून दिसला की तेव्हाच. उलट, थेट पाठीवरच्या वाऱ्यात बोट डावी-उजवी झोके खाऊ लागली तर शीट थोडी ओढा, पोल जरा खाली आणि पुढे घ्या, आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) थोडी वाऱ्याकडे आणा. दोन रोगांची औषधं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून आधी रोग ओळखा.

७. जाइब

गेटवे-मांडवा वाटेवर बहुधा एकदाही करावा लागत नाही. पहिल्या खेपेला तर टाळाच: स्पिनेकर उतरवा, जिबवर जाइब करा, हवं तर पुन्हा चढवा. करायचाच असेल तर क्रम हा.

सुकाणूवाला वारा थेट पाठीवर घेतो. पोल मागे, बोटीशी जवळजवळ काटकोनात. प्रिव्हेंटर सुटला आहे ना, ते कॉकपिटवाला मोठ्याने सांगतो. फोरडेकवाला डोलकाठीला पाठ टेकून पुढे तोंड करून उभा राहतो, पोलचं मागचं टोक डोलकाठीतून काढतो आणि जुन्या शीटवर लावतो. आता पोल दोन्ही क्लूंच्या मधे आडवा आहे. मेनसेल (बूमवरचं मोठं शीड) पलीकडे जातं. मग तो जुनं टोक दोरातून सोडवतो आणि डोलकाठीत अडकवतो.

इथे चूक फोरडेकवर दिसते, पण होते सुकाणूवर. पोल बदलत असताना सुकाणूवाला बूमकडे बघत बसतो, बोट वळून जाते आणि पुढचा माणूस ताणलेल्या दोराशी कुस्ती खेळतो. पोल डोलकाठीत अडकेपर्यंत नवा मार्ग धरायचा नाही. बोट शिडाखाली ठेवायची, बस.

८. उतरवणं

१) जिब उघडा. आधी हेच.
२) वारा अधिक पाठीवर घ्या. स्पिनेकर मेनसेलच्या आडोशाला जाईल.
३) पोल पुढे जाऊ द्या, फोरस्टेला अलगद टेकेपर्यंत.
४) कॉकपिटवाला बूमच्या खालून हात घालून शीट क्लूच्या शक्य तितक्या जवळ पकडतो. शीट हातात आल्याचं तो ओरडून सांगतो.
५) मगच ‘दोर सोड’. पोलचा दोर पूर्ण सुटतो आणि शीड बूमच्या आड झेंड्यासारखं फडफडतं. त्यात आता जोर नाही.
६) खालचा काठ भराभर ओढून कॅबिनच्या दारातून आत घ्या. सगळा खालचा काठ हातात आला की ‘हॅलियर्ड सोड’.
७) हॅलियर्ड विंचच्या एका वेढ्यावरून, ओढणाऱ्याच्या वेगाने. वर बघत सोडायचा, हाताकडे बघत नाही.
८) पोल शेवटी.

सावधान: चौथी आणि सहावी पायरी उलटली तर पूर्ण फुगलेलं शीड पुढे पाण्यावर पडतं आणि बोट त्याच्यावरून जाते. तसं झालंच तर इंजिन चालू करू नका. मेनसेल सैल सोडून बोट मंदावा, तीनपैकी दोन कोपरे मोकळे करा आणि एकाच कोपऱ्याने ओढा. दोन कोपऱ्यांनी ओढलं तर शिडाची पाण्याने भरलेली झोळी होते आणि तिघांनाही हलत नाही.

फोरस्टेला गुंडाळलं असेल तर खालून हिसके देऊ नका, वेढे आवळतात. कोणत्या दिशेने गुंडाळलंय ते पाहा, मग सावकाश मेनसेल पलीकडे घ्या. शिडावरून येणारी हवा उलट फिरते आणि बहुधा वेढे त्याच वाटेने सुटतात. अवरग्लास झाला असेल तर वारा पाठीवर घेऊन हॅलियर्ड हातभर सोडा आणि वाऱ्याआडचा काठ खाली झटका. स्विव्हल फिरला तर तो सुटतो.

माणूस पाण्यात पडला तर स्पिनेकर लावलेली बोट त्याच्याकडे वळू शकत नाही. एक जण त्याच्याकडे हाताचं बोट रोखून नजर ठेवतो, जीपीएसवर जागा नोंदली जाते, आणि बाकीचे वरचा क्रम कितीही ओबडधोबड करत शीड खाली आणतात. दोघेच उरलेले असतात हे लक्षात घ्या. तालमीत हेही एकदा करून पाहा.

९. इंजिन चालू करण्याआधी

दोर मोजा. शीट, पोलचा दोर, जिबच्या दोन शीट, डाउनहॉल, हॅलियर्डचं टोक. सगळे डेकवर दिसले पाहिजेत. एक कमी असेल तर तो पाण्यात आहे आणि पंख्याची वाट बघतोय. मांडव्याच्या धक्क्यासमोर पंख्यात दोर अडकणं ही स्पिनेकरची अगदी टाळण्याजोगी दुर्घटना आहे.

घरी परतताना वारा तोंडावर असेल, म्हणून पोल, टॉपिंग लिफ्ट आणि हॅलियर्ड घट्ट बांधून टाका. शीड खारट पाण्याने भिजलं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात नायलॉन कुजतं, आणि ओल्या शिडातला रंग शेजारच्या फिकट पट्ट्यावर उतरतो. वाळल्यावर उजेडासमोर धरून बारीक भोकं शोधा आणि दोन्ही बाजूंनी रिपेअर टेप लावा. मग तसंच कोंबून ठेवू नका: हेड हातात घ्या आणि दोन्ही काठ पुन्हा चिमटीतून काढून पिशवी आजच भरा.